धावत्या गाडीतला चांगला चहा : विस्तवाशिवाय, किटलीशिवाय

तमिळनाडूतील मदुराई स्थानकाच्या आवारात २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास एका डब्याला आग लागली आणि नऊ प्रवाशांचा मृत्यू झाला. उत्तर प्रदेशातून तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींसाठी हा खासगी सहलीचा डबा आरक्षित करण्यात आला होता आणि गाडीपासून सोडवून तो बाजूच्या मार्गावर उभा करण्यात आला होता. डब्यात नियम मोडून आणलेला गॅस सिलिंडर होता. सकाळच्या कॉफीसाठी शेगडी पेटविण्याचा प्रयत्न झाला आणि आगीचा भडका उडाला, असे जिल्हा प्रशासनाने त्या दिवशी सांगितले.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, एका प्रवासी महिलेने डब्यातील मोबाईल चार्जिंगच्या जोडणीवर विजेची किटली लावून नूडल्स शिजविल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. मध्य रेल्वेने कारवाईची घोषणा केली आणि गाडीत किटली वापरणे धोकादायक तर आहेच, पण तो दंडनीय गुन्हाही आहे, असे बजावले.

या दोन घटनांच्या परिणामांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे; मूळ मात्र एकच. लांबच्या प्रवासात घरच्यासारखे गरम काही तरी हवे असते आणि त्यासाठी डब्यात उष्णता निर्माण करण्याचा मोह होतो. वास्तविक त्याची गरज नाही. चांगला चहा किंवा कॉफी गाडीत ‘करायची’ नसते. ती घरी अर्धी करून न्यायची आणि गाडीत फक्त पूर्ण करायची असते. त्यासाठी लागतो तो एक उत्तम थर्मास, चार पुड्या आणि निघण्यापूर्वीची अर्ध्या तासाची तयारी.

फलाटावरचा चहा

भारतात चहा घरोघरी पोहोचविण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्याच्या प्रचारासाठी निधी उभारण्यात आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रचाराची एक आघाडी रेल्वे स्थानकांवर उघडली गेली. फलाटांवर विक्रेते उभे राहिले, चहा कसा करावा हे सांगणारे फलक लागले. विक्रेत्यांनी मात्र इंग्रजी पद्धत बाजूला सारली; दूध आणि साखर वाढविली, मसाला घातला आणि आज ज्याला आपण ‘आपला’ चहा म्हणतो तो घडत गेला. पुढे २००४ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी मातीच्या कुल्हडांचा आग्रह धरला, तेव्हा फलाटावरचा चहा पुन्हा चर्चेत आला.

या परंपरेला तडे देणाऱ्या गोष्टीही घडल्या. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात, पेये तयार करण्यासाठी नळाचे शुद्ध न केलेले पाणी वापरले जात असल्याचे नमूद केले. डिसेंबर २०१७ मध्ये सिकंदराबाद स्थानकावर चहा-कॉफीचे डबे गाडीच्या शौचालयातून बाहेर काढतानाची चित्रफीत मे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि संबंधित ठेकेदाराला एक लाख रुपये दंड झाला. सगळेच विक्रेते तसे नसतात. उकळत्या भांड्यातून डोळ्यांसमोर गाळून दिलेला फलाटावरचा चहा आजही उत्तम असू शकतो. तरीही पाणी कोठले, दूध केव्हाचे, हे प्रश्न ज्यांना सतावतात त्यांनी स्वतःची तयारी करणे श्रेयस्कर.

किटली का चालत नाही?

‘पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे,’ असे म्हणून किटली लावली जाते. गणित मात्र वेगळे आहे. गाडीच्या अनेक डब्यांतील चार्जिंगच्या जोडण्या ११० व्होल्टच्या असतात आणि त्या मोबाईल व लॅपटॉपसाठी बसविलेल्या असतात. घरची किटली २३० व्होल्टसाठी बनविलेली असते. दाब निम्म्याहून कमी झाला की तिची शक्ती जवळजवळ चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे १,५०० वॉटची किटली गाडीत साधारण ३४० वॉटने चालते. एक लिटर पाणी घरी साडेतीन-चार मिनिटांत उकळत असेल, तर येथे पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. मोबाईलच्या चार्जरच्या मानाने हा भार कित्येक पटींनी जास्त असतो आणि तो एवढा वेळ त्याच बारीक तारांवर पडत राहतो. तारा तापतात, वीजपुरवठा खंडित होऊ शकतो, वातानुकूलन यंत्रणेत बिघाड होऊ शकतो आणि ठिणगी पडली तर शेजारी पडदे, गाद्या आणि झोपलेली माणसे असतात.

पाण्यात बुडविण्याची हिटरची कांडी, छोटी इंडक्शन शेगडी, स्पिरिटचा दिवा, घडीचा स्टोव्ह आणि गॅसचे छोटे डबे हे सारे याच यादीत येतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू बेकायदा बरोबर नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. झालेल्या हानीची भरपाईही द्यावी लागते.

थर्मास हीच चूल

मग पाणी गरम कसे ठेवायचे? उत्तर शतकाहून जुने आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेले भांडे तयार केले. निर्वातातून उष्णता सहज बाहेर पडू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. आजचा थर्मास याच तत्त्वावर चालतो. प्रवासासाठी काचेच्या भांड्यापेक्षा दुहेरी भिंतीचा पोलादी थर्मास बरा. तो धक्क्याने फुटत नाही.

थर्मास भरण्याचीही पद्धत आहे. प्रथम त्यात उकळते पाणी ओतून झाकण लावून पाच मिनिटे ठेवावे आणि ते ओतून द्यावे. भांडे आतून तापले की मगच प्रवासासाठीचे खळखळ उकळलेले पाणी गळ्यापर्यंत भरावे. अर्धवट भरलेला थर्मास लवकर निवतो आणि वारंवार उघडलेला त्याहून लवकर. म्हणून एका मोठ्या थर्मासऐवजी दोन घ्यावेत : अर्ध्या लिटरचा पहिल्या काही तासांसाठी आणि एक लिटरचा नंतरसाठी. दुसऱ्याचे झाकण गरज पडेपर्यंत उघडूच नये. दीडशे मिलिलिटरचा एक कप धरला, तर एका लिटरमध्ये सहा कप होतात. दोघांना एका दिवसासाठी एवढे पुरेसे आहे.

थर्मासवर छापलेल्या तासांवर विसंबून राहू नये. प्रवासाच्या आधी एका रात्री उकळते पाणी भरून ठेवावे आणि सकाळी स्वयंपाकघरातील तापमापकाने तपासावे. बारा तासांनंतर पाणी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर तो थर्मास प्रवासाला योग्य समजावा.

पाणी निवत जाते, तसे पेय बदलावे

थर्मासमधील पाणी हळूहळू निवणारच. त्याच्याशी झगडण्यापेक्षा त्याप्रमाणे पेयांचा क्रम लावणे शहाणपणाचे. काळ्या चहाला उकळत्याच्या जवळपासचे पाणी लागते. म्हणून चहा पहिल्या काही तासांत घ्यावा. कॉफीची पूड ८० ते ९० अंशांच्या पाण्यातही आपला स्वाद चांगला सोडते, ती त्यानंतर. हिरव्या चहाला ७५ ते ८० अंश पुरतात. किंबहुना उकळत्या पाण्यात तो कडवट होतो. झटपट विरघळणारी इन्स्टंट कॉफी पाणी त्याहून निवल्यावरही होते. एवढा एक क्रम पाळला, तरी थर्मासच्या शेवटच्या कपापर्यंत पिण्याजोगे काही तरी हाती राहते.

तयार दुधाचा चहा का नेऊ नये?

बहुतेक घरांतून निघताना दूध-साखर घातलेला तयार चहा थर्मासमध्ये भरला जातो. दोन तासांत संपणार असेल तर हरकत नाही. त्यानंतर मात्र दुधाची चव उतरते आणि चहाला शिळा वास येऊ लागतो. चवीपेक्षा गंभीर बाब आरोग्याची आहे. शिजविलेला दुधाचा पदार्थ ६० अंशांच्या खाली आला की त्यात जिवाणू वाढण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. सकाळी भरलेला चहा संध्याकाळी ‘अजून कोमट आहे’ म्हणून पिणे म्हणजे नेमका हाच धोका पत्करणे होय.

म्हणून पाणी, चहा, दूध आणि साखर हे चारही जिन्नस वेगळे न्यावेत. कपभर पाण्यास चहाची एक दोन ग्रॅमची पिशवी किंवा एक सपाट छोटा चमचा पूड पुरे. दाणेदार सीटीसी चहा लवकर रंग आणि कडकपणा देतो, त्यामुळे प्रवासात पानांच्या चहापेक्षा तो सोयीचा. पाणी ताजे गरम असताना तीन-चार मिनिटे, ८५ अंशांपर्यंत उतरले असताना पाच-सहा मिनिटे तो झाकून मुरू द्यावा. कपावर झाकण नसेल तर छोटी ताटली चालते. झाकले नाही तर पाण्याची उष्णता चहात उतरण्याऐवजी हवेत जाते.

दूध शेवटी घालावे. आधी घातले तर पाणी निवते आणि चहा उतरत नाही. कपाला दोन छोटे चमचे दूध पावडर थोड्या कोमट पाण्यात कालवून मग मिसळली, तर गुठळ्या होत नाहीत. पावडरची चव ज्यांना रुचत नाही त्यांनी उच्च तापमानावर प्रक्रिया केलेल्या दुधाची छोटी कागदी खोकी न्यावीत. न उघडता ती शीतकपाटाबाहेर टिकतात; उघडल्यावर मात्र लगेच संपवावीत. साखर वेगळी असल्याचा लाभ मधुमेही प्रवाशांना होतो, कारण बाजारातील तयार चहा-मिश्रणांत बहुधा साखर आधीच घातलेली असते.

घरच्या मसाला चहासाठी अर्क

नुसत्या पिशवीच्या चहाने ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी घरचा अर्क हा उत्तम मार्ग आहे. साडेतीनशे मिलिलिटर पाण्यात ठेचलेले आले, गवती चहाची पाने आणि दोन-तीन वेलच्या पाच मिनिटे उकळाव्यात. त्यात चहाची सहा सपाट चमचे पूड घालून दोन-तीन मिनिटे उकळी द्यावी, बारीक गाळणीने गाळावे आणि गरम केलेल्या छोट्या थर्मासमध्ये भरावे. दूध घालायचे नाही. हा सहा कपांचा अर्क झाला. गाडीत कपात पन्नास मिलिलिटर अर्क, शंभर मिलिलिटर गरम पाणी, चवीप्रमाणे दूध पावडर आणि साखर घातली की मुरण्याची वाटही पाहावी लागत नाही.

चोथा गाळून टाकलेला असल्याने अर्क तासागणिक तुरट होत नाही. तो पार निवला तर गढूळ दिसतो. हा बिघाड नव्हे. चहातील काही द्रव्ये थंडीत एकत्र येतात आणि गरम पाणी पडताच पुन्हा विरघळतात. एक पथ्य मात्र पाळावे : कच्चे आले किसून थेट दुधाच्या चहात टाकू नये. आल्यातील एका विकरामुळे कोमट दूध फाटते. पाण्यात चांगले उकळले की हा गुण नाहीसा होतो. ऐनवेळी घालायचे असेल तर सुंठ पूड बरी. गुळाचा चहा आवडणाऱ्यांनीही तो कोराच प्यावा, कारण गुळामुळे दूध फाटण्याची शक्यता असते.

कॉफी : डिकॉक्शनचा सोपा मार्ग

कॉफीच्या बाबतीत दक्षिणेतील घरांनी हा प्रश्न कधीच सोडविला आहे. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, त्यावर उकळते पाणी आणि खालच्या भांड्यात थेंबथेंब उतरलेले दाट डिकॉक्शन. रात्री घातलेले डिकॉक्शन सकाळी हवाबंद बाटलीत भरून नेता येते. ते त्याच दिवशी संपवावे, कारण त्याचा सुगंध झपाट्याने उडतो. कपाला चाळीस मिलिलिटर डिकॉक्शन आणि शंभर मिलिलिटर गरम पाण्यात कालविलेली बारा-तेरा ग्रॅम दूध पावडर, हे प्रमाण घरच्या कॉफीच्या जवळ जाते. डिकॉक्शन ३० अंशांचे आणि पाणी ८५ अंशांचे असले, तरी कपातील कॉफी साधारण ७० अंशांची होते. पिण्यास हे पुरेसे गरम आहे.

पूड विकत घेताना पाकिटावरचे चिकोरीचे प्रमाण वाचावे. भारतातील नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. चिकोरीमुळे डिकॉक्शन दाट आणि काळे होते, दुधात ते उठूनही दिसते; कॉफीचा स्वाद मात्र त्या प्रमाणात घटतो.

काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी चहासारख्या पिशव्यांतील कॉफी मिळते. दट्ट्याने दाबून कॉफी गाळणारे एरोप्रेस हे प्लॅस्टिकचे साधन २००५ मध्ये बाजारात आले आणि जगभरच्या प्रवाशांत लोकप्रिय झाले. त्याला ८० ते ८५ अंशांचे पाणी चालते, हे त्याचे प्रवासातील वैशिष्ट्य. मात्र हलत्या गाडीत कपावर जोर देऊन दाबताना कप निसटू शकतो. म्हणून गाडी स्थानकात उभी असतानाच ते वापरावे.

पाणी संपले तर

दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेससारखा चार हजारांहून अधिक किलोमीटरचा, तीन दिवसांहून अधिक काळाचा प्रवास असेल, तर कोणताही थर्मास शेवटपर्यंत पुरणार नाही. अशा वेळी पेंट्री कारमधून गरम पाणी मागून घेता येते. तो प्रवाशाचा हक्क नसला तरी सौजन्याने विचारल्यास अनेकदा मिळते. राजधानीसारख्या गाड्यांत गरम पाणी, चहाची पिशवी, साखर आणि दूध पावडर असा संच दिला जातो. चार जिन्नस वेगळे ठेवण्याची हीच पद्धत. भुसावळ, नागपूर यांसारख्या मोठ्या स्थानकांवर गाडी काही मिनिटे थांबते. फलाटावरील उपाहारगृहातून पाणी घ्यायचे असल्यास ते समोर उकळलेले आहे याची खात्री करावी. गाडी सुटता सुटता भरलेला थर्मास हातात घेऊन धावणे मात्र कटाक्षाने टाळावे. खाद्यपेयांचे दर रेल्वेने ठरवून दिलेले असतात. दरपत्रक मागावे, जादा पैसे मागितल्यास किंवा अस्वच्छता आढळल्यास १३९ या क्रमांकावर तक्रार करावी.

इतर काही देशांनी हा प्रश्न डब्यातच सोडविला आहे. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा मार्ग आठवडाभराचा. तेथे प्रत्येक डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो आणि डब्याची परिचारिका धातूच्या नक्षीदार पकडीत बसविलेला काचेचा पेला प्रवाशांना देते. चीनमधील लांब पल्ल्याच्या गाड्यांतही उकळते पाणी मिळते. दोन्हीकडे पाणी तापविण्याचे काम रेल्वेच्या यंत्रणेकडे असते. प्रवाशाने आणायचा तो केवळ चहा.

ओतताना आणि आवरताना

गाडीतील भाजण्याचे प्रसंग बहुधा ओतताना घडतात. कप हातात धरून ओतू नये. खिडकीजवळच्या छोट्या मेजावर ठेवून, गाडी स्थिर असताना ओतावे आणि दोन तृतीयांशच भरावा. वरच्या बर्थवर गरम पेय नेऊ नये, मूल मांडीवर असताना कप हातात घेऊ नये. भाजलेच तर त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

कप शक्यतो पोलादी, दुहेरी भिंतीचा असावा. कागदी कपांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये केलेल्या अभ्यासात, अशा कपातील शंभर मिलिलिटर गरम द्रवात पंधरा मिनिटांत प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण मिसळत असल्याचे दिसून आले होते.

चहाचा चोथा व पिशव्या बेसिनमध्ये किंवा शौचालयात टाकू नयेत. बेसिन तुंबते आणि बायो-टॉयलेटच्या टाकीतही असा कचरा जाता कामा नये. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तो कचऱ्याच्या डब्यातच टाकावा.

निघण्यापूर्वी पाहून घ्या

- अर्ध्या आणि एक लिटरचे दोन पोलादी थर्मास, आधी घरी तपासलेले
- चहाच्या पिशव्या किंवा गाळलेला अर्क. कॉफी पिणाऱ्यांसाठी डिकॉक्शन
- दूध पावडर, साखर आणि सुंठ यांच्या वेगवेगळ्या पुड्या
- पोलादी कप, झाकणी, चमचा, बारीक गाळणी
- ओले पुसण्यासाठी एक फडके आणि चोथ्यासाठी जुनी वर्तमानपत्रे
- किटली, हिटरची कांडी, शेगडी, गॅसचा डबा : यांपैकी काहीही नाही

या यादीतील शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. बाकीचे काही घरी राहिले, तर फार तर एक कप चहा फिका होईल.